फिक्स्ड गिअर सायकल जमवताना: फ्रेम आणि भाग कसे निवडावेत

फिक्स्ड गिअरच्या सायकलीत मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतंच. पाय थांबवले तर चाक थांबतं, आणि चाक थांबलं नाही तर ते पायाला ओढत नेतं. साध्या सायकलीत मध्ये फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक मोकळं फिरू देणारा भाग) असल्यामुळे चेनवर जोर एकाच दिशेने येतो, इथे तो दोन्ही दिशांनी येतो. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) नाही, बदलायचे गिअर नाहीत, केबल असलीच तर एखादी. म्हणून ही सायकल सगळ्यांत सोपी वाटते. जमवायला बसलं की उलटा अनुभव येतो. डिरेलर असलेली सायकल दीड-दोन मिलिमीटरची चूक पोटात घालते. इथे पोटात घालणारं कोणी नाही. चेन करकरते किंवा उतरते, आणि फिक्स्डवर चालू चेन उतरणं म्हणजे ती कॉग (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) आणि फ्रेमच्या मध्ये अडकून मागचं चाक जाम होण्याची शक्यता.

म्हणून रंग, रिमची उंची, हँडलची टेप हे सगळं शेवटी. आधी पाच-सहा आकडे कागदावर लिहा आणि मग खरेदीला निघा.

आधी ठरवा: व्हेलोड्रोम की रस्ता

व्हेलोड्रोमची (शर्यतीच्या गोल ट्रॅकवरची) सायकल आणि रस्त्यावरची फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकल, दिसायला सख्ख्या बहिणी, पण गरजा वेगळ्या. २५० मीटरच्या ट्रॅकला वळणावर साधारण ४२ ते ४५ अंशांचा उतार असतो. तिथे स्पर्धेत ब्रेक चालत नाहीत, कारण मागचा स्वार तुमच्या चाकाला चिकटून असतो आणि अचानक वेग कमी होणं हाच मोठा धोका. अशा फ्रेमला ब्रेकचं भोक नसतं, बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू नसतात, आणि टायरसाठी बऱ्याचदा २३ किंवा २५ मिमीपुरतीच जागा असते.

रस्त्यासाठी घेत असाल तर फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) पुढच्या ब्रेकचं भोक आणि २८ मिमी टायर बसेल एवढी जागा, या दोन गोष्टी नसलेली फ्रेम कितीही देखणी असली तरी सोडून द्या. पातळ कार्बन फोर्कला नंतर भोक पाडणं हा तर विचारसुद्धा करू नये. स्टीलच्या फोर्कला पाडता येतं, पण ते फ्रेम बांधणाऱ्या कारागिराचं काम आहे, घरच्या ड्रिल मशिनचं नाही.

फ्रेम: कोन, लांबी, आणि पायाचा अंगठा

रोड सायकलचा (गिअरच्या रेसिंग सायकलचा) हेड ट्यूबचा, म्हणजे हँडलखालच्या नळीचा कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, ट्रॅक फ्रेमचा ७४ ते ७५. सीट ट्यूबही (सीटखालची नळी) तशीच उभी. सीट ट्यूब १ अंशाने उभी झाली की ७२ सेंमी उंचीवरची सीट साधारण सव्वा सेंटिमीटर पुढे येते. त्यामुळे रोड सायकलचा साईज जसाच्या तसा उचलला तर बसण्याची जागा बदलते आणि सीट पार मागे सरकवावी लागते. फ्रेमचा साईज सीट ट्यूबच्या लांबीवरून ठरवण्यापेक्षा आडव्या टॉप ट्यूबच्या लांबीवरून ठरवा. सीट ट्यूब कोणी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं, कोणी मध्यापासून टोकापर्यंत. दोन्हींत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. जाहिरातीत '५४' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका.

बॉटम ब्रॅकेट (पॅडलचे दांडे, म्हणजे क्रँक, जिथे फिरतात तो फ्रेमच्या तळाचा भाग) किती उंच आहे हेही पाहा. रोड फ्रेममध्ये तो चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या सुमारे ७० मिमी खाली असतो, ट्रॅक फ्रेममध्ये साधारण ५० ते ६० मिमी. वळणावर पॅडल वर धरून ठेवायची सोय फिक्स्डवर नाही, त्यामुळे बॉटम ब्रॅकेट खाली आणि क्रँक लांब असा मेळ बसला की वळणात पॅडल जमिनीला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. जुनी रोड फ्रेम वापरत असाल तर क्रँक १६५ मिमीचे घ्या. १७० मिमीचे चालतात, पण तेव्हा वळण जपून घ्यावं लागतं.

आता बुटाच्या टोकाची गोष्ट. फ्रेम छोटी आणि कोन उभा असला की हँडल वळवल्यावर पुढचं चाक बुटाला लागतं. साध्या सायकलीवर हळू वळताना पाय मागे घेऊन थांबवता येतो, फिक्स्डवर पाय फिरतच राहतो. वेगात हँडल एवढं वळतच नाही, तेव्हा तिथे प्रश्न येत नाही. तो येतो गल्लीत अर्धवर्तुळ घेताना. बूट घालून, पॅडल आडवं ठेवून, हँडल वळवून बघा. थोडासा स्पर्श होत असेल तर सवयीने जमतं. अर्धा बूट चाकात जात असेल तर फ्रेम बदला.

फोर्क बदलण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि गणित न करता बदलला की सायकल बिघडते. ७५ अंशांचा हेड ट्यूब आणि ३० मिमी रेकचा (हँडल फिरण्याच्या रेषेच्या किती पुढे चाकाचा आस आहे ते अंतर) फोर्क असेल तर ट्रेल (ती रेषा जमिनीला लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर; ते जास्त तितकी सायकल स्थिर) सुमारे ५९ मिमी येतो. ७३ अंश आणि ४५ मिमी रेक असलेल्या रोड सायकलचा सुमारे ५६. म्हणजे दोन्ही जवळपास सारख्या स्थिर. पण त्याच ७५ अंशांच्या फ्रेमला स्वस्तात मिळाला म्हणून ४५ मिमी रेकचा रोड फोर्क लावला तर ट्रेल ४३ वर घसरतो आणि हात सैल पडला की हँडल भिरभिरायला लागतं. फोर्क बदलायचाच तर जुन्याचा रेक मोजून तेवढाच घ्या. स्टीअरर ट्यूबही (हेड ट्यूबमधून वर जाणारी फोर्कची नळी) तपासा: जुन्या फ्रेमला १ इंचाची आट्यांची ट्यूब आणि २२.२ मिमीचा क्विल स्टेम (त्या नळीत शिरणारा, हँडल धरणारा दांडा) लागतो, नव्यांना १ १/८ इंचाची बिनआट्यांची.

धातूचं म्हणाल तर रस्त्यावर पहिली फिक्सी क्रोमोली स्टीलची घ्यावी. वजन थोडं जास्त, पण वाकली तर सरळ होते, फुटली तर जोडता येते आणि मागच्या चाकासाठीची रुंदी बदलता येते. ॲल्युमिनिअम कडक असतं, ट्रॅकवर ते आवडतं, खड्ड्यांवर नाही. कार्बनला दगडाचा किंवा स्टँडचा मार सोसत नाही.

जपानच्या किरीन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींतल्या वापरलेल्या फ्रेमना मोठी मागणी असते. १९४८ मध्ये कोकुरा इथे सुरू झालेला हा पैज लावून पाहण्याचा खेळ, आणि त्यासाठी मान्य झालेल्या भागांवर एनजेएसचा (या शर्यतींवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) शिक्का असतो. तो शिक्का म्हणजे शर्यतीत वापरायला परवानगी, एवढंच. फ्रेम स्टीलची, हाताने बांधलेली आणि छान असते, पण ती एका माणसाच्या मापाची, शर्यतीत घासलेली, कधी पडून पुन्हा रंगवलेली असू शकते. हेडसेटचं (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगचं) माप बहुधा जपानी पद्धतीचं असतं: क्राउन रेसला (फोर्कवर बसणाऱ्या कड्याला) २७.० मिमी, आंतरराष्ट्रीय पद्धतीत २६.४. दुसरा हेडसेट ठोकून बसवू नका.

वापरलेली फ्रेम तपासताना

डाउन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे जाणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला, हेड ट्यूबपासून चार-पाच सेंटिमीटर मागे बोट फिरवा. समोरून धडक बसलेली फ्रेम तिथे बारीक सुरकुतते. डोळ्याला रंग झाकतो, बोटाला लागतं. सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतो का ते पाहा, कारण जुन्या स्टील फ्रेममध्ये गंजून बसलेला सीटपोस्ट काढणं हे दिवसभराचं काम होतं. त्याचा व्यासही लिहून घ्या; २७.२ मिमी सगळ्यांत जास्त आढळतो, पण जुन्यांत २६.८ किंवा २६.६ सुद्धा असतो आणि ०.२ मिमीचा फरक चालत नाही.

मग दोऱ्याची परीक्षा. चाक काढा. डाव्या ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेला) बारीक पक्का दोरा बांधा, तो हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता दोऱ्यापासून सीट ट्यूबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक १ मिमीच्या आत असेल तर फ्रेम सरळ. २ मिमीपर्यंत स्टीलची असेल तर कारागीर सरळ करून देतो. त्यापुढे विकणाऱ्याचे आभार मानून निघावं.

मागचे ड्रॉपआउट

फिक्स्डवर चेन ताणायला चाक मागेपुढे सरकवणं हा एकच सोपा मार्ग. म्हणून खाच आडवी हवी, मग ती मागे उघडणारी ट्रॅक पद्धतीची असो की पुढे उघडणारी जुन्या रोड सायकलची. खाच किती लांब हवी याचा हिशेब असा: चेनची एक पूर्ण जोडकडी काढली तर २५.४ मिमी चेन कमी होते आणि आस त्याच्या निम्मा, म्हणजे १२.७ मिमी पुढे येतो. खाचेत निदान १५ मिमी सरकायला जागा असेल तर कुठलाही गिअर जमतो आणि चेन झिजल्यावर ताणायलाही उरते. कॉगचा किंवा चेनरिंगचा (पुढच्या दातेरी चक्राचा) एक दात बदलला की आस सुमारे ३.२ मिमी हलतो, हे लक्षात ठेवा. गिअर बदलताना चेन पुन्हा तोडावी लागेल की नाही ते यावरून घरबसल्या कळतं.

उभ्या खाचेच्या फ्रेमवर फिक्स्ड करू नका. डिरेलरसारखा चेन ताणणारा भाग लावून काम भागेल असं वाटतं, पण पायाने मागे दाब दिला की चेनची खालची बाजू ताठ होते आणि तो भाग मोडतो. एक्सेंट्रिक हब (चाकाचा मधला भाग, ज्यात आस मध्याच्या बाजूला असतो म्हणून चेन ताणता येते) हा खरा उपाय आहे, पण तेवढ्या पैशात आडव्या खाचेची जुनी फ्रेम मिळून जाते.

ट्रॅक फ्रेमची मागची रुंदी १२० मिमी, पुढची १००. जुन्या रोड फ्रेमची मागची १२६, नंतरच्यांची १३०. १२० मिमीचा हब १२६ च्या फ्रेममध्ये लावायचा तर आसावर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर टाका, आणि नट बसल्यावर आसाचे आटे नटाच्या पूर्ण जाडीत शिरतात ना हे बघा. नट ओढून फ्रेम दाबत बसणं चुकीचं. ड्रॉपआउट तिरके होतात आणि आस वाकून तुटतो.

गिअर

रस्त्यासाठी पुढच्या आणि मागच्या दातांचं गुणोत्तर २.६ ते २.९ असावं. ७००×२५ टायरचा घेर २.१ मीटर धरला तर ४६ ला १७ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५.७ मीटर, आणि मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी ३०-३१ किमी. ४८ ला १७ घेतलं तर ३२. चढ असतील तर ४४ ला १७. ट्रॅकवरचे स्वार याहून खूप मोठे गिअर लावतात. त्यांना थांबून पुन्हा सुटायचं नसतं. नवशिके मोठा गिअर घेऊन गुडघे दुखवून घेतात, आणि मोठ्या गिअरला पायाने अडवणंही जड जातं.

स्किड करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. पाय आडवे ठेवून चाक घसरवलं की टायर नेहमी ठरावीक ठिकाणीच घासतो. अपूर्णांक लहानात लहान करा, खालचा आकडा म्हणजे घासण्याच्या जागा. ४८/१६ म्हणजे ३/१, एकच जागा; काही आठवड्यांत टायरला भोक पडतं. ४६/१६ म्हणजे २३/८, आठ जागा. ४८/१७ ला सतरा. वरचा आकडा विषम असेल आणि दोन्ही पाय आळीपाळीने पुढे ठेवून स्किड करता येत असेल तर जागा दुप्पट, म्हणून ४७/१७ ला चौतीस. मागे १७ दातांचा कॉग लोकप्रिय आहे त्याचं कारण १७ ही मूळ संख्या.

हब, कॉग, लॉकरिंग: पैसे इथे घाला

या सायकलीत सगळ्यांत जास्त ताण येतो तो हबवरच्या सुमारे एक सेंटिमीटर आट्यांवर. खऱ्या ट्रॅक हबला दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, सरळ; तिच्यावर कॉग बसतो. बाहेरची थोडी लहान, १.२९ इंच, उलट्या आट्यांची, तिच्यावर लॉकरिंग (कॉग जागेवर धरणारं कडं). पुढे पॅडल मारताना कॉग घट्ट होत जातो. मागे दाब दिला की तो सैल व्हायला बघतो, पण सैल होताना लॉकरिंगला ज्या दिशेने ओढतो ती लॉकरिंग घट्ट होण्याची दिशा असते. जुन्या इटालियन हबचं लॉकरिंग १.३२ इंचाचं असतं, ते इथे बसणार नाही.

फ्रीव्हीलच्या जुन्या हबचे आटेही १.३७ इंच × २४ च आहेत, त्यामुळे कॉग त्यावर झकास बसतो, आणि वर बॉटम ब्रॅकेटचं लॉकरिंग पण बसतं. दोघांचे आटे सरळ. म्हणजे मागे दाब दिला की दोन्ही एकत्र सुटतात. चिकटद्रव्य लावून चालवणारे आहेत. ब्रेक नसेल तर हा प्रकार करू नका, ब्रेक असेल तरी टाळलेलाच बरा.

कॉग घेताना आतले आटे मोजा. पत्र्यातून ठोकून काढलेल्या स्वस्त कॉगला आटे कमी भरतात आणि तेवढ्यावरच सगळा भार येतो. हब ॲल्युमिनिअमचा, कॉग स्टीलचा; खाल्ले जातात ते हबचे आटे, आणि एकदा गेले की हब फेकायचा.

बसवताना: आटे रॉकेलने धुऊन कोरडे करा, ग्रीस लावा. कॉग हाताने फिरवा. तीन फेऱ्या तरी बोटांनी सहज जायला हव्यात. अडला तर उलटा काढा, तिरका चढतोय. पूर्ण आत गेला की चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) घट्ट करा. मग लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत बसवा आणि हूक पान्याने ओढा. त्यानंतर एखादा चढ उभ्याने पॅडल मारत चढा, या वेळात मागे दाब देऊ नका, ब्रेकनेच थांबा. घरी येऊन पुन्हा हूक पाना लावा. लॉकरिंग बहुधा अजून थोडं फिरतं. कॉग चढताना आत सरकलेला असतो आणि मध्ये उरलेली ती बारीकशी फट सगळ्या भानगडीचं मूळ असते. हे न करता ज्यांनी पहिल्याच दिवशी स्किड मारले त्यांचे हब भंगारात सापडतात.

चेनलाइन मोजा

ट्रॅकच्या भागांची चेनलाइन ४२ मिमी धरलेली असते, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर. पुढे मोजायचं तर सीट ट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि सीट ट्यूबचा निम्मा व्यास मिळवा. ट्यूब २८.६ मिमीची आणि अंतर २८ आलं तर २८ + १४.३ = ४२.३. मागे, हबच्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून कॉगच्या मध्यापर्यंत मोजा आणि हबच्या रुंदीच्या निम्म्यातून वजा करा: १२० च्या हबवर १८ आलं तर ६० − १८ = ४२. दोन्हींत १ मिमीपर्यंत फरक उत्तम, २ पर्यंत चालवून घ्या.

फरक जास्त असेल तर बॉटम ब्रॅकेटचा स्पिंडल (दोन्ही क्रँक जोडणारा दांडा) बदला. दोन्ही बाजूंना सारख्या स्पिंडलमध्ये चेनरिंग २ मिमी बाहेर हवी असेल तर स्पिंडल ४ मिमीने लांब लागतो. चौकोनी टोकाचे स्पिंडल दोन प्रकारचे, जपानी आणि आंतरराष्ट्रीय मापाचे. उतार सारखाच पण जाडी वेगळी. आंतरराष्ट्रीय मापाचा क्रँक जपानी स्पिंडलवर साधारण साडेचार मिमी बाहेर राहतो, आणि पुरेसा आत न गेल्यामुळे पुढे सैल होत जातो. शिमानोचे जुने चौकोनी क्रँक जपानी मापाचे, कँपानोलोचे आंतरराष्ट्रीय. फ्रेमचं शेल (बॉटम ब्रॅकेट बसतो ती आडवी नळी) इंग्लिश असेल तर ६८ मिमी रुंद आणि उजव्या बाजूला उलटे आटे. इटालियन असेल तर ७० मिमी आणि दोन्हीकडे सरळ.

चेनरिंगच्या बोल्टांचं वर्तुळ ट्रॅक क्रँकला १४४ मिमी, रोडला बहुधा १३०. १३० ला चेनरिंग सहज मिळतात. एकाच चेनरिंगला आखूड बोल्ट लागतात. लांब बोल्ट घट्ट झाल्यासारखे वाटतात पण चेनरिंग हलत राहते. चेन १/८ इंच (आतली रुंदी) मापाची घेतली तर ती ३/३२ च्या दातांवरही चालते, उलट चालत नाही. शंका असेल तर सगळं १/८ घ्या.

चाकं, पॅडल, ब्रेक

मागचं ट्रॅक चाक दोन्ही बाजूंना सारखं ताणलेलं असल्यामुळे मुळातच मजबूत. ३२ तारांची दुहेरी भिंतीची रिम पुरते. पुढच्या रिमला ब्रेकसाठी घासून सपाट केलेली पट्टी हवी. रंगवलेल्या रिमवर ब्रेक धरत नाही आणि रंग पॅडला चिकटतो.

पाय पॅडलला बांधलेला हवाच: टो-क्लिप (बुटाचं टोक धरणारा पिंजरा) आणि पट्टा, रुंद पट्टा किंवा क्लिपचे बूट. पाय निसटला तर पॅडल फिरत राहतं आणि नडगीवर बसतं.

पुढचा ब्रेक लावा. ब्रेक मारताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसरतं. फक्त मागच्याने थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागू शकतं. आणि चेन तुटली तर बिनब्रेकच्या सायकलीत काहीच उरत नाही. कॅलिपर (रिमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेक) घेण्याआधी फोर्कच्या भोकापासून रिमच्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा: ३९ ते ४९ मिमी आलं तर आखूड, ४७ ते ५७ आलं तर लांब. खोल वळणाच्या ट्रॅक हँडलवर रोडचा लिव्हर वाकडा बसतो, तिथे मधल्या सरळ भागावर बसणारा छोटा लिव्हर लावा. हँडलचा मधला व्यास २५.४, २६.० किंवा ३१.८ असतो, स्टेम त्याच मापाचा हवा.

चेन ताणणं

मागचे नट सैल ठेवून चाक मागे ओढा, उजवा नट थोडा घट्ट करा. मग टायर मध्ये येईपर्यंत चाक डावीकडे ढकला आणि डावा नट घट्ट करा. आळीपाळीने दोन्ही सैल-घट्ट करत चाक 'चालवत' मागे न्या. शेवटी १५ मिमीच्या पान्याने ३० ते ४० न्यूटन-मीटर.

आता क्रँक हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा आणि चेन कुठे सर्वांत ताठ होते ते शोधा. ताण त्या जागी बघायचा, दुसरीकडे नाही. तिथे चेन बोटाने वरखाली एकूण १० ते १२ मिमी हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर बेअरिंग घासतात आणि ताठ जागी सायकल अडखळते; २० हलत असेल तर खडबडीत रस्त्यावर उतरेल. ताठ आणि सैल जागांत फार फरक असेल तर चेनरिंग मध्यावर नाही. तिचे बोल्ट थोडे सैल करा, चेन ताठ असताना चेनच्या वरच्या बाजूवर पान्याच्या दांड्याने हलके ठोका म्हणजे रिंग किंचित सरकते, पुन्हा फिरवून बघा. दोन-तीन वेळा केलं की फरक निम्म्यावर येतो. मग बोल्ट समोरासमोरचे क्रमाने घट्ट करा.

पहिल्या ५० किमीनंतर क्रँकचे बोल्ट, चेनरिंगचे बोल्ट, मागचे नट आणि लॉकरिंग, चारही पुन्हा पान्याखालून काढा. चौकोनी स्पिंडलवरचा क्रँक सैल राहिला तर त्याचं भोक लंबुळकं होतं, आणि मग कितीही घट्ट केला तरी तो खटखटतच राहतो.